‘साइटवरच्या घाण जाहिराती बंद करून देतो’ म्हणणाऱ्याला उत्तरसुद्धा देऊ नका, माझे 25,520 गेले

बडोद्यात ज्यांच्या ज्यांच्या छोट्या वेबसाइट आहेत त्यांनी वाचा. “नको असलेले जाहिरातदार शोधून त्यांचे यूआरएल ब्लॉक करून देऊ, नाहीतर तुमचं अ‍ॅडसेन्स अकाउंट सस्पेंड होईल” असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज फिरतोय. (अ‍ॅडसेन्स म्हणजे आपल्या साइटवर जाहिराती लावून त्याचे पैसे देणारी गूगलची सेवा.) मी 4,720 दिले, मग 11,800, मग ‘रिफंडेबल डिपॉझिट’ म्हणून 9,000. एकूण 25,520 रुपये. लिहायची लाज वाटतेय, पण दांडिया बाजारातल्या आणखी एका ओळखीच्यांना तोच मेसेज आलाय म्हटल्यावर गप्प कशी बसू?

आमची वधूवर सूचक साइट आहे. सासऱ्यांच्या वहीतून सुरू झालेली, फी नावापुरती, होस्टिंगचा खर्च निघावा म्हणून अ‍ॅडसेन्सच्या जाहिराती. तर श्रावणात काय झालं, मुलींच्या माहितीच्या बरोब्बर खाली ‘रात्री गप्पा मारायला मैत्रीण हवी का’ असल्या जाहिराती यायला लागल्या. लेकीचं स्थळ नोंदवलेला बाप हे बघून काय म्हणेल? एका काकांनी सरळ विचारलं, “ताई, तुम्ही नक्की चालवता काय?” त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आणि नेमका त्याच आठवड्यात हा माणूस, शुद्ध मराठीत, “मॅडम, काळजी करू नका”. तेव्हा शिकलीसवरलेली बाई कशी फसली वगैरे मला ऐकवू नका, त्या काकांचा फोन तुम्हाला आला असता तर तुम्हीही पैसे दिले असते.

पुढची पद्धत तुम्हाला माहीतच आहे, आधी भीती, मग थोडे पैसे, मग जास्त. मला राग त्याचा नाही येत. मला राग येतो तो त्या एक्सेल शीटचा. ‘ब्लॉक केलेले जाहिरातदार’ म्हणून त्याने यादी पाठवली, आणि त्यात पहिल्याच पानावर डबलक्लिक डॉट नेट! अहो, तो जाहिरातदार नाहीच, गूगलच्या बऱ्याच जाहिरातींची लिंक ज्या वाटेने जाते ती वाट आहे ती. खरा जाहिरातदार त्या लांबलचक लिंकमध्ये ‘अ‍ॅडयूआरएल’ लिहिलेलं असतं त्याच्या पुढे असतो. मी ते नाव वाचलं, मनात आलं की हे तर प्रत्येक जाहिरातीत दिसतं, आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली नि मी उठले. परत शीट उघडलीच नाही. वर हा मला सांगत होता की प्रत्येक जाहिरातीवर क्लिक करून पुढचा पत्ता आम्हाला पाठवा. स्वतःच्या जाहिरातीवर स्वतः क्लिक करायचं नसतं, अकाउंट बंद होऊ शकतं, हे मला माहीत होतं! पण समोरचा ‘तज्ज्ञ’ होता ना.

खरं काम फुकटात होतं हो. अ‍ॅडसेन्समध्ये ब्रँड सेफ्टी, तिथे ब्लॉकिंग कंट्रोल्स. डेटिंगचा अख्खा प्रकार सेन्सिटिव्ह कॅटेगरीत एका बटणाने बंद होतो. एखादाच जाहिरातदार नको असेल तर जाहिरातीवर राइट क्लिक, लिंक कॉपी, नोटपॅडमध्ये पेस्ट (उघडायची नाही), पत्ता शोधायचा आणि एचटीटीपी नि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू न लावता अ‍ॅडव्हर्टायझर यूआरएलमध्ये टाकायचा. लगेच गेली नाही तर घाबरू नका, थोडा वेळ लागतो. आणि दिसेल ते ब्लॉक करत सुटू नका, जाहिरातीच्या जागेसाठी बोली लावणारे कमी झाले की कमाई पडते.

माझी कमाई पडली ती मात्र वेगळ्याच कारणाने. त्याने ‘सेटिंगसाठी’ वर्डप्रेसचा (साइट ज्यावर चालते त्या सॉफ्टवेअरचा) अ‍ॅडमिन, म्हणजे सगळे अधिकार असलेलं लॉगिन, मागून घेतला होता. साइटची अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी फाइल (साइटवर कुणाच्या खात्यातून जाहिराती विकायच्या त्याची यादी) उघडली तर दोन ओळी. ‘पब’ च्या पुढचे सोळा आकडे, म्हणजे खात्याचा नंबर, एका ओळीत माझे, दुसरीत भलत्याचेच. थीमच्या हेडरमध्येही, म्हणजे प्रत्येक पानाला लागणाऱ्या भागात, त्याचाच जाहिरातींचा कोड. म्हणजे 25,520 घेऊन वर माझ्याच साइटवर त्याच्या जाहिराती, आणि मैत्रीणवाली बाई होती तिथेच!

बिलही बघा. पत्ता अहमदाबादचा, जीएसटी नंबर 27 ने सुरू, म्हणजे महाराष्ट्राचा. गुजरातचा 24 असतो. मेव्हण्यांनी बघताक्षणी ओळखलं. पैसे देण्याआधी बिल घरच्या कुणाला दाखवा.

आता पोलीस. ऐन नवरात्रीत गेले, सगळे गरब्याच्या बंदोबस्ताला. “बेन, काले आवजो.” दुसऱ्या दिवशी गेले तर म्हणे पासवर्ड तुम्हीच दिलात, मग हॅकिंग कसलं? अहो, हॅकिंग कोण म्हणतंय, फसवणूक म्हणतेय मी, आयटी अ‍ॅक्टचं 66 डी (भलताच कुणी असल्याचं भासवून कॉम्प्युटरवरून केलेली फसवणूक) कशाला आहे? मग म्हणे तपास इन्स्पेक्टरच करू शकतात आणि साहेब नाहीत. मग म्हणे आरोपी अहमदाबादचा, तिकडे जा. हद्द कुठलीही असली तरी एफआयआर घ्यावा लागतो, 1 जुलै 2024 पासून नवीन फौजदारी कायद्यात तसं लिहिलंय, हे मी सांगितलं तर उत्तर काय? “मिस्टरांना पाठवा.” साइट माझी, पैसे माझे, मिस्टर काय करणार येऊन? शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला, शिक्का मारायलाही कां कूं. बँकेने तर हातच झटकले, यूपीआय पिन तुम्हीच टाकला ना, मग व्यवहार तुमच्या मर्जीचा. त्या खुर्चीत बसून हे वाक्य बोलायला किती सोपं.

पैसे गेले की तासाभरात 1930 ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा, यूटीआर नंबर, म्हणजे व्यवहाराचा नंबर, हाताशी ठेवा. मी आठवडाभर त्याच्या ‘रिफंड प्रोसेसमध्ये आहे’ वर विसंबले, तोवर खातं रिकामं. चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉटमध्ये नंबर दिसू द्या. आणि ज्यांनी कुणालाही कधी अ‍ॅडमिन दिलाय त्यांनी आजच वर्डप्रेसची युजर लिस्ट आणि ती अ‍ॅड्सवाली फाइल उघडून बघा, मी त्या माणसाचं लॉगिन काढून टाकल्यावरही माझ्या साइटवर ‘सपोर्ट2’ नावाचा आणखी एक अ‍ॅडमिन सापडला.