घर आणि चित्रं: एकत्र विकावीत की वेगळी?

जुनं शेतघर डागडुजी करून उभं केलं, आत कलासंग्रहालय मांडलं, आणि आता ते विकायचंय. किमतीआधी ठरवावं लागतं ते हे, की संग्रह घरासोबत द्यायचा की वेगळा काढायचा.

एकत्र द्यायचं तर गिऱ्हाईक मोजकं. घर हवं असलेल्याला चित्रं नको असतात आणि चित्रांच्या शौकिनाला छपराची कटकट. त्यात गृहकर्ज मिळतं ते वास्तूवर. चित्रांचे पैसे घेणाऱ्याला बहुधा स्वतःच उभे करावे लागतात. थांबायची तयारी हवी.

वेगळं विकलं तर घर तुलनेनं लवकर जातं. चित्रांचा हिशेब मात्र लिलावगृहाचं कमिशन, वाहतूक आणि विमा वजा करूनच मांडावा. एकाच चित्रकाराची सगळी चित्रं एकदम बाजारात ओतली की भाव पडायची भीती असते, म्हणून ती टप्प्याटप्प्यानं काढतात.

पण कला भिंतीतच असेल तर? इंग्लंडमध्ये ससेक्सच्या चार्ल्स्टन या शेतघरात व्हनेसा बेल आणि डंकन ग्रँट हे चित्रकार १९१६ मध्ये राहायला आले आणि त्यांनी भिंती, दारं, फर्निचरसुद्धा रंगवून टाकलं. आज ते संग्रहालय आहे. अशा घरातून चित्र बाजूला काढणार कसं? तिथे मी डोळे मिटून एकत्र विक्री निवडेन. चित्रं नुसती खिळ्याला टांगलेली असतील, तर वेगळी.

करारात मात्र यादी हवीच: रंगवलेलं दार घराचं, पण छताला टांगलेलं शिल्प कुणाचं? भांडणं इथेच होतात. आणि चित्र विकलं म्हणून त्याचा कॉपीराइट आपोआप घेणाऱ्याकडे जात नाही.