टेली-मानस १४४१६ : खेड्यातल्या घरातून घेतलेला अनुभव

केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनीवरील समुपदेशन सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते आणि मराठी निवडता येते. शहरातल्या वाचकाला यात फारसे नवल वाटणार नाही. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यातून मानसोपचारतज्ज्ञाला भेटायचे म्हणजे वावरातले काम टाकून एसटीने जिल्ह्याला जायचे आणि परत आल्यावर ‘कशाला गेला होता?’ या प्रश्नाला पारावर उत्तर द्यायचे, हे दोन्ही आले.

माझ्या पुतण्याने ही सेवा घेतली आणि त्याच्याच संमतीने हे लिहीत आहे. पदवीनंतर तो राज्यसेवेच्या तयारीसाठी पुण्यात राहिला आणि यश न आल्याने गावी परतला. वडिलांना वाटे की त्याने कोरडवाहू वावर सांभाळावे, आईला त्याच्या लग्नाची घाई होती, आणि शेती करणाऱ्याला हल्ली कोणी मुलगी देत नाही म्हणून निदान कंपनीत लागावे, असा मामांचा आग्रह होता. त्यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. मात्र पुण्याचा खर्च तुरीच्या पैशांतून झाला होता, त्यामुळे वडिलांपुढे ‘नाही’ म्हणण्याचा आपल्याला हक्कच उरलेला नाही, असे त्याने मनाशी धरले होते. त्याची झोप उडाली. अभ्यासिकेत तो पुस्तक उघडून नुसता बसून राहू लागला.

समुपदेशक बाईंनी त्याला वावर की नोकरी याचे उत्तर दिले नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटले. त्यांनी विचारले, “तुमच्याबद्दलचे निर्णय घरात कोण घेतं, आणि ते पटलं नाही तर तुम्ही काय करता?” तो म्हणाला, “उठून वावरात निघून जातो.” पुढचे बरेचसे बोलणे या एका उत्तरावर झाले. वडिलांचे उपकार मानणे आणि त्यांचा प्रत्येक निर्णय मान्य करणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला स्वतःच्या तोंडाने म्हणता आले. परीक्षेचा शेवटचा प्रयत्न कोणता, हे ठरवून घरी सांगायचे, एवढेच काम त्याने स्वतःकडे घेतले. त्याने ते सांगितले तेव्हा माझे भाऊ चिडले नाहीत, ते म्हणाले, “मंग हे आंधी काहून नाही सांगतलं?”

सेवेची मर्यादाही येथेच आहे. फोनवरच्या समुपदेशकाला घर दिसत नाही. मुलाचे बोलणे ऐकू येते, पण जेवताना त्याला बसणारे टोमणे ऐकू येत नाहीत. स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजारातून सावरून घरी परतलेल्या रुग्णांबाबत ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांनी १९७२ साली दाखवून दिले की, सतत टीका किंवा अतिकाळजी करणाऱ्या घरात आजार उलटण्याचा धोका वाढतो. आमच्या मुलाला तसा आजार नव्हता, परंतु टोमणे कमी झाल्यावर त्याची झोप सुधारली, हे मी पाहिले. उलट, काहीही न विचारता रात्री त्याच्या खाटेशेजारी आपली खाट टाकणारी आजी हा घराचाच आधार होता. एकत्र कुटुंब म्हणजे केवळ ताण, असे म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत नाही.

अडचण एकांताची आहे. टिनाच्या दोन खोल्यांत फोनवरचे बोलणे सगळ्यांना ऐकू जाते, आणि बांधावर गेले तर रेंज जाते. सकाळी घर रिकामे असताना फोन करणे सोयीचे पडते. या सेवेत गरजेनुसार पुढे मानसोपचारतज्ज्ञाशीही जोडून देण्याची व्यवस्था आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ॲपही आले आहे, पण आमच्याकडच्या नेटच्या भरवशावर त्याच्या नादी लागण्यापेक्षा साधा फोन लावावा.