इटालियनची प्राध्यापकी: पीएचडी अमेरिकेत की इटलीत?

मुंबईत बी२ (युरोपीय भाषा-पातळ्यांतली मध्यमाच्या वरची पातळी) पर्यंत इटालियन झालं की परदेशात प्राध्यापकी करायची खुमखुमी असलेल्यांपुढे हा प्रश्न येतोच. अमेरिकेतली पीएचडी साधारण ५-६ वर्षं खाते, पण तिथे टीचिंग असिस्टंट म्हणून थेट वर्गावर सोडतात, म्हणजे सकाळी कॉलेजच्या पोरांकडून भूतकाळ घोटून घ्यायचा, सहायक क्रियापद 'आवेरे' लावायचं की 'एस्सेरे' यावर डोकं फोडायचं आणि दुपारी स्वतः इटालियन महाकवी डांटेच्या सेमिनारला बसायचं, त्यामुळे बाहेर पडताना शिकवण्याचा अनुभव पदरात असतो. इटलीतलं दोत्तोरातो (म्हणजे तिथली पीएचडी) सहसा ३ वर्षांत उरकतं, जुनी हस्तलिखितं हाताशी (तशी डांटेची एक जुनी प्रत आपल्या फोर्टातल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातही आहे बरं का!), पण शिकवायला फारसं मिळत नाही, मग सिएनाच्या विद्यापीठाची दिताल्स परीक्षा (परदेशी लोकांना इटालियन शिकवण्याचं प्रमाणपत्र) देऊन ठेवलेली बरी. नोकऱ्यांची दोन्हीकडे बोंबच, अमेरिकेत तर इटालियन बऱ्याच ठिकाणी फ्रेंच-स्पॅनिशसोबत एकाच विभागात कोंबलंय. मला विचाराल तर शिकवायची हौस असेल तर अमेरिका, पोथ्यांत रमणाऱ्यांनी बोलोन्या-पिसाच्या विद्यापीठांकडे बघावं, फक्त अर्ज करताना नीट वाचा, इटलीत काही जागा स्कॉलरशिपशिवायच्याही असतात.