दिवाडी बेट: सायकल भाड्याने घ्यायची तर इथेच

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट पकडली, सायकल सोबतच चढवली. मांडवी ओलांडायला काही मिनिटंच लागतात, पण पलीकडे गेलं की पणजीची धावपळ संपते. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना खाजणाची, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून मिळवलेल्या जमिनीची शेतं, पाण्यात उभे बगळे. सकाळी आठच्या आत निघा. दहानंतर सावली शोधावी लागते, कारण शेतांमधल्या रस्त्यावर झाडं नाहीत.

पिएदाद गावाचा चढ मात्र दमवतो. टेकडीवर चर्च आहे. तिथून नदी आणि हिरवळ एकदम समोर येते. चढाचा सगळा घाम वसूल!

मला सर्वात जास्त भावला तो बेटाच्या उत्तरेकडचा भाग. सप्तकोटेश्वराचं, म्हणजे शंकराचं मूळ देऊळ या बेटावरच होतं, ते पोर्तुगिजांनी पाडलं. पुढे देव नदीपार डिचोलीतल्या नार्व्याला नेला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. दुसऱ्या फेरीने पलीकडे जाऊन तेही बघाच. एका दिवसात दोन्ही काठ होतात, आणि इतिहास पायांखालून जातो.

भाड्याची सायकल चांगली होती, गिअर नीट, पण सीट फार कडक. निघण्याआधी ब्रेक आणि हवा स्वतः तपासा. पाणी भरपूर घ्या, दुकानं मोजकीच आहेत. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा. शेतं तेव्हा डोळ्यांत भरतात.