कपाशी उगवली म्हणून बियाणं खरं धरू नका

बोगस बियाणं उगवत नाही, असं आपण धरून चालतो. आमच्याकडे ते दणक्यात उगवलं. खाडे, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायलाही फारसं बी लागलं नाही. म्हणूनच ऑगस्ट उलटेपर्यंत कोणाला संशय आला नाही, आणि तोवर दुकानदाराने बियाण्यावर जेवढं कमावलं त्याहून जास्त औषधांवर कमावलं होतं.

ही हकिकत यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातली, 2024 च्या खरिपातली. पैनगंगेच्या पलीकडे तेलंगणा. आमच्या भागात बियाण्याची फसवणूक म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे चोरबीटी येते, म्हणजे तणनाशक मारलं तरी न मरणारी कपाशी. तिला देशात मान्यता नाही, तरी ती गावोगाव विकली जाते. 2019 च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी ती उघडपणे लावून आंदोलनही केलं होतं. निंदणाला बाया मिळत नाहीत आणि मिळाल्या तर मजुरी किती पडते हे मला माहीत आहे, त्यामुळे ती लावणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण ती घेणाऱ्याला निदान हे ठाऊक असतं की बिल नाही, लेबलावर भरवसा नाही, दाद मागायला जागा नाही. आमचं प्रकरण तसं नव्हतं. परवाना भिंतीवर लावलेलं कृषी केंद्र, नावाजलेल्या कंपनीचं बीजी-2 चं, म्हणजे बोंडअळी मारणारी दोन जनुकं घातलेल्या बीटी कपाशीचं पाकीट, त्यावर लेबल, लॉट नंबर, तारीख, सगळं जागेवर.

त्या वर्षी एकाच वाणाची हवा होती. बोंड मोठं, वेचायला हलकं, म्हणून जो तो तेच मागत होता. मे महिन्यात अकोल्यात बियाण्यासाठी उन्हात रांगा लागल्या, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. एखाद्या वाणाची अशी ओरड झाली की दोन गोष्टी हमखास होतात: ते छापील किमतीच्या वर जातं आणि त्याची नक्कल निघते. बीजी-2 च्या 475 ग्रॅमच्या पाकिटाची सरकारने ठरवलेली किंमत तेव्हा 864 रुपये होती. आम्हाला सांगितलेला भाव ऐका:

"भाऊ, थे वाण आता कुठीच भेटत नाही. तुमच्यासाठी सहा बॅगा बाजूले ठेवल्या. चौदाशे पडतीन. आन् त्याच्यावर हे दुसरं वाण चार बॅगा घ्या लागतीन."

"अन् बिल?"

"बिल कसं देऊ भाऊ? छापील भावाच्या वरचं बिल फाडलं त माहाच परवाना जाते. ह्या चाराचं देतो न पक्कं."

या शेवटच्या दोन वाक्यांत सगळी फसवणूक आहे. जादा भाव हा नुसता नफा नसतो, बिल न देण्याचं ते कारणही असतं. आपल्याला वाटतं, दुकानदार टंचाईचा फायदा घेतो आहे, पाचशेहून जास्त रुपये वरचे खातो आहे. चीड येते, पण माल खरा आहे ही खात्री उलट त्या चिडीमुळेच पक्की होते, कारण खोट्या मालासाठी कोणी एवढा भाव खाईल असं मनात येत नाही. मला चौदाशेच्या भावाने कच्ची चिठ्ठी मिळाली, तिच्यावर ना दुकानाचं नाव, ना वाणाचं, नुसते आकडे.

पेरणी वेळेवरच केली. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय बी टोबायचं, म्हणजे लावायचं नाही, आणि जूनच्या आधी तर नाहीच. धूळपेरणीच्या, म्हणजे पावसाआधी कोरड्यात पेरलेल्या, आणि मेमधल्या कपाशीला फुलं लवकर येतात आणि गुलाबी बोंडअळीला सुरुवातीलाच घर मिळतं. तीन एकरांत ते महागाचं वाण, लागून दोन एकरांत ते गळ्यात मारलेलं. जमीन एकच, मध्यम काळी, कोरडवाहू. खत, डवरणी, निंदण एकाच वेळी. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे हेच कामी आलं.

पंचेचाळीस-पन्नास दिवसांपर्यंत दोन्हीकडे हिरवंगार. मग महागाच्या ओळींत फरक दिसू लागला. एक झाड कमरेला, शेजारचं गुडघ्याला. एकाचं पान रुंद, दुसऱ्याचं चिरलेलं. काही झाडांना पात्या, म्हणजे कळ्या, लागल्या होत्या, काही नुसतीच फोफावत होती. तुडतुडे काही झाडांवर तुटून पडले होते, शेजारच्यांवर नाममात्र. दुकानात फोटो दाखवला. उत्तर तयार होतं: झिंक कमी पडलं, हे टॉनिक मारा. पुढच्या खेपेला विद्राव्य खत. मग सप्टेंबरच्या सुरुवातीला जोराचा पाऊस झाला, पात्या-फुलं गळली, आणि दुकानदाराला वर्षभर पुरेल असं कारण मिळालं. "पावसानं गेलं भाऊ, सगळ्याइचंच गेलं." सोबत तीन औषधांचं मिश्रण दिलं, एकाच पंपात टाकायचं. ते मी मारलं नाही. 2017 मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजुरांचे जीव गेले, त्यानंतर अशी कॉकटेलं देणाऱ्या दुकानदाराची भीती वाटायला हवी होती. आमच्याकडे ती अजून वाटत नाही.

सगळ्यांचं गेलं म्हणावं, तर धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून असलेली आमचीच दोन एकर कपाशी उभी होती. एकसारखी उंची, एका झाडासारखं दुसरं. पाऊस काही ओळी मोजून पडला नव्हता.

पण मला खरा धक्का बसला तो हिरवी बोंडअळी पाहून. इथे थोडं थांबतो, कारण हे फार जणांना माहीत नसतं. गुलाबी बोंडअळी दिसली म्हणून बियाणं बोगस ठरत नाही. ती आता बीजी-2 मधल्या दोन्ही जनुकांना दाद देत नाही. 2017 पासून आपण ते भोगतोच आहोत, आणि कितीही खऱ्या पाकिटातून आलेल्या झाडावर ती येणारच. तिच्यासाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावायचे, सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले की सावध व्हायचं, एकरात ठिकठिकाणची वीस हिरवी बोंडं फोडायची, दोनांत अळी निघाली की फवारायचं, डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुलं, तोडून नष्ट करायच्या आणि डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे वेचणीनंतरही तीच कपाशी पुढे राखणं, ठेवायची नाही. हे सगळं व्यवस्थापनाचं काम, त्यात बियाण्याला दोष देता येत नाही. हिरव्या, म्हणजे अमेरिकन बोंडअळीचं मात्र तसं नाही. ती खऱ्या बीजी-2 च्या झाडावर सहसा टिकत नाही. चार-दोन झाडांवर दिसली तर घाबरू नका, कारण त्या 475 ग्रॅमच्या पाकिटात 25 ग्रॅम बिगर-बीटी बी कंपनीनेच मिसळलेलं असतं, नियमाप्रमाणे. पण आमच्या महागाच्या तीन एकरांत जिकडेतिकडे तिने पोखरलेल्या पात्या आणि बोंडं होती आणि शेजारच्या दोन एकरांत जवळजवळ नव्हती. एकाच शेतात असा फरक पडला की दोष फवारणीत नसतो, तो पाकिटात असतो.

पाकिटात काय होतं, ते नंतर कृषी विद्यापीठाच्या माणसाने शेतात उभं राहून सांगितलं: बहुधा जिनिंगची सरकी. संकरित कपाशीच्या कापसातून निघालेली सरकी आम्लाने धुऊन गुळगुळीत करायची, लाल-निळा रंग चढवायचा आणि हुबेहूब छापलेल्या पाकिटात भरायची. सरकी ताजी असेल तर ती उत्तम उगवते. संकरित कापसाच्या बियाण्याला किमान 75 टक्के उगवण लागते. गोणपाटात शंभर बिया ठेवून ती चाचणी घरी केली असती तरी हे बी पास झालं असतं. पण ही संकराची दुसरी पिढी. नातवंडांत जसा कोणी आज्यावर जातो, कोणी आजीवर, तसं प्रत्येक झाड निराळं. आणि ज्या जनुकासाठी आपण पैसे मोजतो ते तर चारांतल्या साधारण एका बीमध्ये नसतंच. बीजी-2 ची दोन जनुकं वेगवेगळी वाटली जातात, त्यामुळे काहींत एक, काहींत दोन्ही, काहींत एकही नाही.

तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी दिली आणि पोच घेतली. तालुका पातळीवर बियाणे तक्रार निवारण समिती असते. तिच्यात कृषी विभागाचे, पंचायत समितीचे लोक आणि कृषी विद्यापीठाचा किंवा संशोधन केंद्राचा शास्त्रज्ञ असतो. ते आले, दोन्ही भाग फिरले, झाडं मोजली, पंचनामा झाला. भिन्न झाडांचं प्रमाण बरंच निघालं, ते लिहिलंही. मग पहिला प्रश्न आला: बिल?

बिल होतं, पण चार पाकिटांचं, आणि ती चार पाकिटं तर चांगली निघाली होती. दुकानदाराने शांतपणे तेच बिल पुढे केलं. मी विकलं ते हे, यांच्या शेतात उत्तम आहे, ते दुसरं यांनी कुठून आणलं मला ठाऊक नाही. तो खोटं बोलत होता हे समितीतल्या प्रत्येकाला कळत होतं, पण कागद त्याच्या बाजूने होता. मागणीच्या मालासोबत असा दुसरा माल गळ्यात मारणं याला लिंकिंग म्हणतात, आणि लोकांना वाटतं ते फक्त न खपणारा माल खपवायला असतं. आमच्या बाबतीत त्या चार पाकिटांनी दुकानदाराला कायद्यापुढे झाकलं.

तरी गोठ्याच्या वळचणीला सहापैकी दोन रिकामी पाकिटं सापडली. त्यावरचा लॉट नंबर कृषी विभागाने कंपनीला कळवला, आणि त्या लॉटचा माल या जिल्ह्यात पाठवलाच नव्हता असं कंपनीने लेखी दिलं. तिथून प्रकरण बोगस पाकिटांचं झालं, नाहीतर पावसाच्या खात्यावर गेलं असतं. तीन एकरांत एकरी साडेतीन क्विंटल कापूस झाला, त्यातही कवडी, म्हणजे किडका कापूस, बरीच. शेजारी आठ. हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे 7521 रुपये होता. हिशेब तुम्हीच करा.

2025 मध्ये पाकीट 901 रुपयांना झालं, आणि आमच्याकडे पुन्हा एका वाणाची कुजबुज सुरू झाली आहे. भाव छापील किमतीच्या वर मागितला तर तिथूनच फोनवर तालुक्याच्या गुणनियंत्रण निरीक्षकाला कळवा. कपाशीच्या बियाण्याची किंमत ठरवायला आणि विक्रीवर लक्ष ठेवायला राज्यात 2009 पासून स्वतंत्र कायदा आहे. बिलावर वाण, लॉट नंबर, किंमत आणि दुकानदाराची सही हवी. पाकीट वरच्या बाजूने न फाडता खालून फोडा, म्हणजे लेबल शाबूत राहतं, आणि मूठभर बी त्यातच ठेवून तोंड बांधा. त्याच जमिनीत दोन-तीन ओळी तरी दुसऱ्या वाणाच्या टाका. आमच्या धुऱ्याजवळच्या त्या दोन एकरांनी जी साक्ष दिली ती आम्ही नुसतं बोलून दिली असती तर कोणी ऐकली नसती. आणि तक्रार पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उभी असताना करा. उपटलेल्या झाडांवरून समिती काही ठरवू शकत नाही.

समितीचा अहवाल नुकसानभरपाई हातात देत नाही, तो पुरावा असतो. भरपाईसाठी ग्राहक आयोगात जावं लागतं. बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केलेलं आहे, आणि तिथे जायला दोन वर्षांची मुदत असते. आमचा अर्ज दाखल आहे. त्या दुकानातून त्या हंगामात तेच वाण बिनबिलाचं घेतलेले आमच्या तालुक्यात बरेच जण आहेत, हे आता बोलता बोलता कळतं आहे. कोणाच्या गोठ्यात, कोठारात त्याचं रिकामं पाकीट अजून पडलं असेल तर जाळू नका. तालुका कृषी कार्यालयात आमच्या तक्रारीवर लॉट नंबर लिहिलेला आहे, तो ताडून बघा आणि जुळला तर अर्ज द्या, पाकिटासकट.