हिराबोळाचे खडे, टिंक्चर की मिऱ्ह ऑइल, नक्की काय घ्यायचं?

माझी भाची जर्मनीत असते. मध्यंतरी तिचं तोंड आलं होतं तर तिथल्या फार्मसीतल्या बाईने तिला एक छोटी ब्राऊन बाटली दिली, वर लिहिलेलं मिऱ्हेन-टिंक्टूर (म्हणजे मिऱ्हचं टिंक्चर, अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क), आणि हिचा लगेच मला व्हॉइस मेसेज, "मावशी हे म्हणजे काय गं, आणि इथे मिऱ्हचं इसेन्शियल ऑइल पण मिळतं ते घेऊ का, की तू तिकडून काहीतरी पाठवतेस?" तिला जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहिते, कारण इथेही बऱ्याच जणी ऑनलाइन बाटली बघून अडकलेल्या असतात.

आधी नाव. मिऱ्ह म्हणजे आपला हिराबोळ. मराठी बायबलमध्ये मागी लोक (ज्यांना तीन राजे म्हणतात ते) बाळ येशूला सोने, ऊद आणि गंधरस देतात ना, त्यातला गंधरस तो हाच (गोव्यात ६ जानेवारीला तीन राजांचं फेस्त असतं, रेईश मागूशला, कासावलीला, चांदरला, ते याच गोष्टीचं). झाड काटेरी, खुरटं, सोमालिया, इथिओपिया, येमेनच्या कोरड्या भागात वाढणारं, आपल्या गुग्गुळाचं सख्खं चुलत भावंड. सालीला चीर गेली की चीक येतो आणि वाळून खडा होतो. अरबीत मुर्र म्हणजे कडू, आणि चव तश्शीच आहे.

आता सगळ्यात मोठा घोळ. काष्ठौषधीच्या दुकानात नुसतं "बोळ द्या" म्हणालात तर काहीही हातात येऊ शकतं. काळाबोळ म्हणजे कोरफडीचा आटवून वाळवलेला रस, त्याचा मिऱ्हशी काहीएक संबंध नाही, आणि तो जोरदार रेचक आहे. मी स्वतः एकदा पुडीवरचं नाव न बघता तो घरी आणला आणि धुपात घालून बघितला, घरभर जळकट वास आणि नवऱ्याची बोलणी. चुकून पोटात गेला असता तर दिवसभर बाथरूमच्या फेऱ्या झाल्या असत्या. ओळखायची सोपी खूण म्हणजे काळाबोळ काळाकुट्ट, काचेसारखा चमकतो आणि गरम पाण्यात जवळजवळ सगळा विरघळतो. हिराबोळ लालसर तपकिरी, वरून धुळकट, फोडला की आत मेणचट आणि कधी पांढरट रेघा, आणि पाण्यात घोटला की पाणी दुधाळ होतं पण गाळ उरतोच. गुग्गुळ त्यामानाने मऊ आणि चिकट लागतो.

तो गाळ का उरतो हे कळलं की खडे का तेल हा प्रश्न अर्धा सुटतो. खड्यात तीन गोष्टी एकत्र असतात, पाण्यात विरघळणारा डिंक, अल्कोहोलमध्ये विरघळणारी राळ आणि उडून जाणारं तेल. तेल साधारण ३ ते ८ टक्के, बाकी सगळा डिंक आणि राळच. वाफेवर तेल काढतात तेव्हा फक्त हे उडणारं तेल बाटलीत येतं, राळ आणि डिंक भांड्यातच राहतात. म्हणजे "तेल म्हणजे खड्याचा अर्क, जास्त पॉवरफुल" असं जे विकणारे सांगतात ते अर्धवट खरं आहे, वासाच्या बाबतीत हो, बाकी गुणांच्या बाबतीत ती वेगळीच वस्तू झाली. टिंक्चर मात्र अल्कोहोलमध्ये काढतात त्यामुळे त्यात राळ पण येते.

आणि जुन्या काळातलं जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक खड्याचं असतं (इथून पुढे नुसतं बोळ म्हटलं तरी हिराबोळच समजा). ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो की इजिप्तमध्ये ममी करताना पोटात कुटलेला शुद्ध बोळ भरायचे. बायबलमधलं अभिषेकाचं तेल म्हणजे बोळ आणि दालचिनी वगैरे ऑलिव्ह तेलात घातलेलं, आजच्या १० मिलीच्या बाटलीतलं तेल नव्हे. १९व्या शतकात सोमालियाच्या बर्बेराच्या जत्रेतून आपले बनिया व्यापारी माल घ्यायचे, एडन बंदरामार्गे तो मुंबईला यायचा, इथे निवडून प्रतवारी व्हायची आणि मग युरोपला जायचा, तोही खडाच. त्यामुळे "हजारो वर्षांची परंपरा" असं तेलाच्या लेबलवर दिसलं की मला हसू येतं.

तर भाचीला तोंडासाठी हवं होतं, तिथे टिंक्चरच. जर्मनीत औषधी वनस्पती तपासणाऱ्या कमिशन ई नावाच्या समितीने तोंडाच्या आणि घशाच्या किरकोळ सुजेला वरून लावायला बोळ मान्य केलेला आहे, त्यामुळे फार्मसीवालीने काही जादूटोणा दिला नव्हता. कापसाच्या काडीने नुसतं लावायचं किंवा पाण्यात थेंब घालून गुळण्या, चरचरतं थोडं, आणि अल्कोहोल असल्याने लहान मुलांना नको. इसेन्शियल ऑइल तोंडात घालू नका, गिळू तर अजिबात नका. इथे टिंक्चर सहज मिळत नाही, पण हिराबोळाची बारीक पूड मंजनात चिमूटभर घालता येते, कडू लागतं, सवय होते.

मुका मार लागला की आमच्याकडे आंबेहळद आणि हिराबोळ उगाळून, पळीत कोमट करून लेप लावतात, तिथे खडाच लागतो, तेलाने तो लेप होणारच नाही. जखम उघडी असेल तर मात्र नाही लावायचा. धुपासाठी पण खडाच, पण एक सांगते, एकटा बोळ निखाऱ्यावर टाकलात तर निराश व्हाल, तो छान वितळत नाही, करपतो आणि वास कडवट जड येतो. दुकानातला ऊद किंवा लोबान जास्त आणि बोळ थोडा असं मिक्स करा, मग खोली भरते. घरात दमा असेल तर धूर नकोच.

तेल मी कुठे घेईन? परफ्यूम, साबण किंवा टाचांच्या भेगांचं क्रीम करत असाल तर. गोडसर, धुरकट, मातीसारखा वास, आणि टिकतो खूप. डिफ्यूझरला (खोलीत वास पसरवायच्या यंत्राला) मी घालत नाही, तेल जाड असतं, हवा लागली की आणखी घट्ट होतं आणि नळी चोक होते, बाटलीचं झाकणसुद्धा चिकटून बसतं. त्वचेवर १ टक्क्याच्या वर जात नाही, म्हणजे ३० मिली खोबरेल किंवा बदाम तेलात साधारण ६ थेंब, आणि आधी कोपरापाशी लावून एक दिवस थांबायचं कारण काहींना पुरळ येतं.

किमतीचं गणित पण करा. १० मिली तेलाला सव्वाशे ते सव्वातीनशे ग्रॅम खडा लागतो, मग शंभर दीडशे रुपयांत "प्युअर मिऱ्ह" कसं परवडेल? भेसळ असणार, नाहीतर नुसता सेंट.

बाळंतिणीचं विचारतात म्हणून. आजी हिराबोळ गुळात गोळी करून द्यायची हे खरं, बाळंतबोळ हे नावच त्यावरून. पण गरोदरपणात कुठल्याच रूपात घेऊ नये, आणि अरोमाथेरपीवाले बाळाला अंगावर पाजतानाही तेल टाळायला सांगतात. म्हणजे परंपरा बाळंतपणानंतर द्या म्हणते आणि आजचे लोक पाजताना नको म्हणतात, मी यात मधे पडणार नाही, वैद्य आणि डॉक्टर दोघांना विचारल्याशिवाय घेऊ नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तेच.

विकणारे आणखी एक सांगतात की विज्ञानाने सिद्ध झालंय. १९९६ साली 'नेचर'मध्ये एक छोटा पेपर आला होता हे खरं, बोळातल्या एका घटकाने वेदना कमी होतात असा, पण तो उंदरांवर. आणि इजिप्तमध्ये बोळापासून केलेलं मिराझिड नावाचं कॅप्सूल एका परजीवी रोगावर आलं होतं, पुढच्या चाचण्यांत त्याने फार काही दिवे लावले नाहीत.

भाचीला शेवटी टिंक्चर तिथलंच वापर म्हटलं आणि तिची मैत्रीण पुढच्या महिन्यात जातेय तिच्याबरोबर पन्नास ग्रॅम हिराबोळ धुपासाठी पाठवतेय, काचेच्या बरणीत, बरणीवर मोठ्ठ्या अक्षरात नाव लिहून.