सेलेनियम, सल्फाइड की सिस्टान?

जुना ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट उजेडात तिरका धरून पाहा. काळ्या भागांवर, विशेषतः कडांना, निळसर आरशासारखी झाक दिसली तर प्रतिमा घडवणारी चांदी हलायला लागलेली असते. हवेतली पेरॉक्साइडं, ओझोन असले वायू चांदीच्या कणांचं ऑक्सिडीकरण करतात. सुटलेले आयन जिलेटिनमधून सरकत वर येतात आणि पृष्ठभागावर पुन्हा चांदी होऊन बसतात.

हे रोखायचे तीन उपाय म्हणजे सिस्टान, सेलेनियम आणि सल्फाइड. सिस्टान हे स्टॅबिलायझर द्रावण; ते सुटलेले आयन जागच्या जागी पकडतं. त्यात पोटॅशियम थायोसायनेट असतं. शेवटच्या धुण्यानंतर प्रिंट त्यात बुडवायचा आणि तसाच वाळवायचा. पुन्हा पाण्याखाली धरलात तर सगळी मेहनत वाहून गेली. मूळ उत्पादन आग्फाचं, आता त्याच जातीचं अ‍ॅडॉक्सचं अ‍ॅडोस्टॅब मिळतं. प्रिंटचा टोन, म्हणजे रंगछटा, अजिबात बदलत नाही. आरसी (प्लास्टिकचा थर दिलेल्या) पेपरवरचा प्रिंट फ्रेम करून भिंतीवर लावणार असाल तर मी हेच सुचवेन, कारण त्या कागदाच्या प्लास्टिक थरातलं टायटॅनियम डायऑक्साइड उजेडात स्वतःच ऑक्सिडीकारक द्रव्यं तयार करू शकतं आणि काचेआड ती कोंडून राहतात.

सेलेनियम टोनरचं काम वेगळं. टोनर म्हणजे प्रतिमेतल्या चांदीचं रूप बदलणारं रसायन. तो चांदीचं सिल्व्हर सेलेनाइड करतो. काळा रंग खोल होतो, म्हणून तो सगळ्यांचा लाडका. पण सौम्य द्रावणात तो आधी गडद भाग धरतो, फिकट छटा मागेच राहतात. टोनिंग करताना शेजारी एक न केलेला ओला प्रिंट ठेवा. सावल्यांमधला फरक लगेच दिसेल, हायलाइटमध्ये, म्हणजे फिकट भागांत, बहुधा काहीच दिसणार नाही. गोम तिथेच आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉचेस्टरच्या इमेज परमनन्स इन्स्टिट्यूटने मायक्रोफिल्मवर चाचण्या केल्या, त्यातही कमी घनतेच्या, म्हणजे फिकट, भागांना सेलेनियम पुरेसं संरक्षण देत नाही आणि पॉलिसल्फाइड (सल्फाइड टोनर) सरस ठरतं, असंच दिसलं. शिवाय सेलेनियम विषारी आहे. हातमोजे आणि खेळती हवा हवीच.

पॉलिसल्फाइड सर्वांत भरवशाचं आणि सर्वांत नकोसं. सडक्या अंड्यांचा वास येतो, आणि आम्लाशी गाठ पडली की विषारी हायड्रोजन सल्फाइड भसकन बाहेर पडतो. हा वायू न वापरलेली फिल्म आणि कागदही धुरकट करतो, तेव्हा डार्करूममध्ये नकोच. प्रिंट तपकिरी होतो; तो रंग आवडत असेल तर प्रश्नच मिटला. निगेटिव्हला रंगाची फारशी पर्वा नसते, म्हणून तिथे माझं मत सल्फाइडलाच.

सोन्याचा टोनरही उत्तम, पण महाग, आणि टोन थंड, निळसर होतो.

फिक्सिंग (न वापरली गेलेली चांदीची संयुगं काढून टाकणं) अर्धवट असेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही, उलट सेलेनियममध्ये डाग उठतात. आणि रंगीत फिल्मचा स्टॅबिलायझर इथे वापरू नका, तो रंगद्रव्यांसाठी असतो. अपवाद इल्फर्डच्या एक्सपी२ सुपर या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा: ती रंगीत निगेटिव्हच्या सी-४१ प्रक्रियेत धुतली जाते, प्रतिमा रंगद्रव्याचीच असते, त्यामुळे तिला तो लागतो आणि टोनरचा मात्र काही उपयोग होत नाही.